'शुद्ध' पाटीखालची कपबशी

मागच्या सहा डिसेंबरची गोष्ट. चैत्यभूमीवर अभिवादन झालं, दिवसभर शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलला उभं राहणं झालं, आणि संध्याकाळी आम्ही सहा-सात जण दादर स्टेशनकडे निघालो. पाय भरून आले होते. भूक लागली होती. आम्ही सवयीनं पोरांना आमच्या नेहमीच्या उडुपी हॉटेलाकडे वळवलं. दारात एक पोरगा थांबला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आलेला. त्यानं वरच्या पाटीकडे बोट केलं. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, 'शुद्ध शाकाहारी'.

"दादा, भाषणात एक सांगता आणि जेवायला इथं येता?"

बाकीचे हसले. आम्हीही हसण्यावारी नेलं. तो मात्र आत आला नाही. "तुम्ही खाऊन या, मी वडापाव खातो," म्हणाला आणि फुटपाथवर उभा राहिला. वडापावही शाकाहारीच असतो, पण त्याच्या गाडीवर 'शुद्ध' असं लिहिलेलं नसतं, हे आम्हाला आत बसल्यावर सुचलं. तेवढ्यात डोसा आला आणि त्या दिवशी तो अर्धाच गेला.

त्या पोराला देण्यासारखं उत्तर तेव्हा आमच्याकडे नव्हतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

त्या हॉटेलात आम्ही पहिल्यांदा गेलो ते १९९७ साली, नऊ वर्षांचे असताना, वडिलांचं बोट धरून. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. सहा डिसेंबरला गावातले वीस-पंचवीस जण रेल्वेनं मुंबईला यायचे, शिदोरी बांधूनच. भाकरी, ठेचा, चटणी. हॉटेलात खर्च करायची कुणाची ऐपत नव्हती. पण त्या वर्षी आम्हाला ताप भरला होता, म्हणून वडील गरम चहा पाजायला आत घेऊन गेले. दारात दोनदा थांबले. आत जायचं की बाहेरूनच मागायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

गावातल्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी असायची. छपराच्या वळचणीला, लाकडाच्या फळीवर उपडी ठेवलेली. आपण जाऊन घ्यायची, वरून ओतलेला चहा बाहेर बसून प्यायचा, आपणच विसळायची आणि परत उपडी घालायची. आजोबांचं सगळं आयुष्य त्यात गेलं, वडिलांचं निम्मं. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत कुणालाही मज्जाव करता येणार नाही असं १९५० पासून लिहिलेलं आहे. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही झाला. ती फळी मात्र आम्ही शाळेत जाईपर्यंत जागेवर होती.

तर दादरला आम्ही चहा प्यायलो. वडिलांनी आपली कपबशी उचलली, आमचीही उचलली, आणि विसळायला पाणी कुठं आहे ते शोधू लागले. एक वाढपी धावत आला. "राहू द्या काका, आम्ही उचलतो." त्यानं त्यांच्या हातातून कपबशी घेतली. बस, एवढंच. त्याला आठवतही नसेल. पण वडिलांनी पुढची पंधरा वर्षं ही गोष्ट गावात ज्याला त्याला सांगितली. "तिथं कोणी काय इचारत नाही. हातातून कपबशी घेतेत." कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घ्यायचे, हे आम्ही पुढं वाचलं. ज्यांनी वळचणीची कपबशी पाहिलेली नाही त्यांना त्या चहाचं एवढं काय, असं वाटू शकतं. आम्हाला नाही वाटत.

हे हॉटेल आवडीचं झालं ते असं. डोसा नंतर आला.

पण डोसाही आवडतो, ते का लपवायचं? एम.ए.ला मुंबई विद्यापीठात कलिन्याला होतो तेव्हा शिष्यवृत्तीचे पैसे कधीच वेळेवर यायचे नाहीत. आले की दोघं-तिघं मित्र लोकल पकडून दादरला जायचो. सांबारात गुळाची चव. चटणी मागितली की पुन्हा मिळायची. फिल्टर कॉफी वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत. त्या टेबलावर आम्ही एम. एन. श्रीनिवास वाचले. खालच्या मानलेल्या जाती शाकाहार धरतात, दारू सोडतात आणि एक-दोन पिढ्यांत वरच्या पायरीचा दावा करतात, ही त्यांची संस्कृतीकरणाची मांडणी. श्रीनिवास आमच्याच विभागात घुर्ये यांच्या हाताखाली शिकले, म्हणून प्राध्यापकांना त्यांचं कौतुक जरा जास्त. आमचा एक मित्र डोसा खाता खाता म्हणाला, "म्हणजे आपण आत्ता वर सरकतोय का?" खूप हसलो. पण घरून येताना आईनं बांधून दिलेला सुकट-बोंबलाचा डबा वसतिगृहात खोलीचं दार लावून खायचो, हे त्या टेबलावर आमच्यापैकी कुणीच बोललं नाही.

आमच्या आजीच्या काळात घराच्या दोरीवर चान्या वाळत घातलेल्या असायच्या. भुकेच्या दिवसांसाठी ठेवलेलं मांस. आईच्या पिढीनं ते बंद केलं. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा, मेलेल्याचं मांस खायचं सोडा असं सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. त्याचा कुणी 'मांस वाईट' असा अर्थ काढत असेल तर तो त्याचा आहे. 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ चा. बाबासाहेब त्यात उलटाच प्रश्न करतात. गोमांस खाणारे ब्राह्मण शाकाहारी का झाले? बौद्ध धम्माशी चाललेल्या झगड्यात वरचढ होण्यासाठी, हे त्यांचं उत्तर. आणि जे खात राहिले ते अस्पृश्य ठरले. म्हणजे ताटातल्या पदार्थानं माणसाची पायरी ठरवली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा आम्ही ते पुस्तक आईला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी कृती चुकली म्हणून दुरुस्ती सांगितली. आपल्या जेवणाबद्दल छापलेल्या पुस्तकात काही असू शकतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

'शाकाहारी' या शब्दाशी आमचं भांडण नाही. काय मिळतं ते सांगणारा तो साधा शब्द आहे. पाकिटबंद पदार्थावर सरकार हिरवा ठिपका लावायला सांगतं, त्या ठिपक्याला काम पुरतं. 'शुद्ध' कशाला लागतो? त्याच्या उलट शब्द 'मांसाहारी' नाही, 'अशुद्ध' आहे. आणि आपल्या देशात अशुद्ध कोण, हे आधीपासून ठरलेलं आहे.

हे आम्हाला ग्रंथांआधी खोली शोधताना कळलं. लग्नानंतर उपनगरात भाड्यानं घर बघत होतो. एजंटनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "व्हेज ना?" आम्ही म्हणालो, कधी कधी मासे करतो. "मग अवघड आहे." दुसऱ्यानं व्हेजचं विचारून झाल्यावर आडनाव विचारलं. तिसऱ्याच्या वेळी आम्ही दोघं खोटं बोललो, व्हेज म्हणालो, तर त्याचं पुढचं वाक्य, "पण सोसायटीला तुमच्यासारखे चालत नाहीत." त्या दिवशी तिथून सरळ दादरच्या हॉटेलात गेलो आणि त्याच पाटीखाली बसलो. वडील म्हणायचे, इथं कोणी काय विचारत नाही. जो शब्द बाहेर आम्हाला दार लावत होता, त्याच शब्दाखाली आम्ही निवांत खात होतो. तेव्हा खरं तर त्या पोराचा प्रश्न आम्हालाच पडायला हवा होता. पडला नाही. डोसा चांगला होता.

मग मोरीतल्या पोराची गोष्ट. २०१२ च्या सुमाराची. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तर कुणाच्या तरी मोबाईलवर भीमगीत वाजलं आणि झटकन बंद झालं. ढिगानं पडलेल्या ताटल्यांमागे एक पोरगा उभा. आम्ही 'जयभीम' म्हणालो. तो घाबरला. आधी इकडे तिकडे बघितलं, मग हळूच जयभीम घातला. परभणी जिल्ह्यातला. कामावर लागताना आडनाव बदलून सांगितलेलं, गावाच्या नावाला 'कर' लावून. "वर वाढायला नाही घेत का?" आम्ही विचारलं. "मोरीतच बरंय. कोणी इचारत नाही."

तेच वाक्य. वडिलांचं.

त्या रात्री झोप लागली नाही. १९९७ साली वडिलांच्या हातातून घेतलेली कपबशी वाढप्यानं कुठं नेली असेल? मोरीत. आणि मोरीत कोण असेल? कदाचित दुसरा कुणी, पण कदाचित आपलाच. वडिलांना ज्याचा एवढा आनंद झाला त्यात कपबशी विसळणारा हात बदललाच नसेल. फळी वळचणीवरून उचलून आत, मागच्या बाजूला नेली असेल. हे वडिलांना सांगायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वर्षी गेले. सांगितलं नाही तेच बरं झालं, असं कधी वाटतं, कधी नाही.

आता सहा डिसेंबरचं. २०१६ साली आईला घेऊन गेलो तर शटर खाली. कागद चिकटवलेला, '५ व ६ डिसेंबर हॉटेल बंद'. नंतर गल्ल्यावरच्या मॅनेजरला विचारलं. म्हणाला, गर्दी फार होते, बाथरूम घाण होतं, स्टाफ कमी पडतो. आम्ही म्हणालो, गणपती विसर्जनाला तर रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा गर्दी कमी असते का? तो बिल फाडत राहिला. आम्ही त्याला कपबशीची गोष्टही सांगितली, सगळी. त्यानं ऐकून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा बंद. त्याच्या पुढच्या वर्षी उघडं, पण 'फक्त पार्सल'. आईनं फुटपाथवर बसून इडली खाल्ली. कोविडनंतर नेहमीसारखं उघडं असतं, फक्त बाथरूमला त्या दिवशी कुलूप असतं. लाखो माणसं हातात पुस्तकं घेऊन परत जातात, त्या दिवशी पुस्तकांची केवढी विक्री होते, हे कुणाला दिसत नाही. बाथरूम दिसतं.

उडुपी म्हटलं की आम्हाला आता कनकदास आठवतात. धनगरांशी नातं सांगणाऱ्या कुरुब समाजातला हा संत. कृष्णमंदिरात त्यांना घेतलं नाही, मग भिंतीला भेग पडली आणि देवानंच तोंड फिरवून दर्शन दिलं, अशी कथा सांगतात. ती खिडकी आजही 'कनकन किंडी' म्हणून दाखवतात. आपल्याकडे पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर. देव फिरला म्हणतात, दार काही उघडलं नाही.

आता काही बांधव विचारतील, बौद्धांनी तर शाकाहारीच व्हायला हवं ना? ज्याला व्हायचं त्यानं व्हावं. आमच्या ओळखीचे कित्येक उपासक आहेत, मनापासून झालेले, त्यांचा आदर आहे. पण विनयपिटकातली देवदत्ताची गोष्ट वाचा. भिक्खूंनी मासे-मांस कायमचं वर्ज्य करावं असा नियम त्यानं मागितला होता. भगवंतांनी ती सक्ती नाकारली. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं, एवढंच ठेवलं. सक्ती आली की तिच्या मागून वरचढपणा येतो. २०२३ साली आयआयटी मुंबईत मेसमधली काही टेबलं शाकाहारींसाठी वेगळी ठेवली गेली, विरोध करणाऱ्याला दहा हजारांचा दंड झाला. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोनं 'प्युअर व्हेज' ताफा आणि हिरवे कपडे जाहीर केले, आरडाओरडा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कपडे मागं घेतले. शिकलेल्या लोकांच्या जागा आहेत या. आणि देशातली दहापैकी सात माणसं मांस-मासे खाणारी आहेत, असं सरकारच्याच २०१४ च्या पाहणीत निघालं होतं. वेगळं टेबल कुणी कुणाला द्यायचं?

मग त्या हॉटेलात जायचं की नाही? आमचं मत, जायचं. जाणं हा हक्क आहे, तो १५ व्या कलमात आहे, महाडच्या तळ्यावर १९२७ साली मारही त्याच्यासाठीच खाल्लेला आहे. आपण न जाण्यानं ती पाटी जास्तच शुद्ध होते. पण गप्प बसून खायचं नाही, हेही आता पटलंय. अठ्ठावीस वर्षं आम्ही गप्प बसून खाल्लं.

त्या संध्याकाळी अर्धा डोसा टाकून बाहेर आलो तेव्हा तो पोरगा तिथंच होता. वाढप्याला सांगून आम्ही त्याच्यासाठी कॉफी आणली होती, कागदी कपात. ती त्याच्या हातात देताना आमचंच आम्हाला कसंतरी झालं. म्हणालो, "अरे, आमचे आजोबा असंच बाहेर उभं राहून प्यायचे. तू कशाला उभा राहतोस?"

तो म्हणाला, "त्यांना बाहेर ठेवलं होतं दादा. मी थांबलोय."

यंदा त्या हॉटेलच्या मालकांना निवेदन द्यायचं ठरवलंय. पाच आणि सहा डिसेंबरला हॉटेल पूर्ण उघडं ठेवावं, बाथरूमचं कुलूप काढावं, पाटीवरचा 'शुद्ध' काढावा. मोरीतल्या पोरांना वर वाढायला घ्यावं हेही आम्ही लिहिलं होतं, पण मोरीत आता असलेल्या पोरानंच ते खोडायला लावलं. नोकरी जाईल म्हणाला. ते खोडलं. मसुदा बी.ए.वाल्या पोरानं लिहिलाय, शुद्धलेखन आम्ही तपासलं. सह्या पुस्तकांच्या स्टॉलवर घेतल्या जातील. पहिली सही आईची झाली आहे, तिनं त्यात इडली थंड होती असंही लिहायला सांगितलं.