पाठीवरचा संसार

नवागामात पाऊस ओसरला की परसातल्या पिंपात काहीतरी सापडतंच. यंदा सापडला चपटा, तपकिरी, पाठभर पुळ्या उठलेला किडा. शेजारच्या बेन ओरडल्या, ‘‘वांदो छे, मारी नाखो!’’ १९९४च्या प्लेगपासून सुरतेत आमचा हात आधी फिनाईलकडेच जातो. तरी मोबाईलवर फोटो काढला, मोठा करून पाहिला. पुढचे पाय आकड्यासारखे, आणि पुळ्या म्हणजे ओळीनं चिकटवलेली अंडी! झुरळ कसलं, पाण्यातला ढेकूण हा, डिप्लोनिकस. मादी नराच्याच पाठीवर अंडी घालते. पिल्लं निघेपर्यंत बापडा ती वागवतो, हवेसाठी पुन्हापुन्हा वर आणतो. शिवाय डासांच्या अळ्या खातो. बेन म्हणाल्या, ‘‘बाप छे? तो रहेवा दो.’’ आई मात्र त्या पिंपातलं पाणी अजून तुळशीला घालत नाही.