करकर

पावसाळा लागला की आमचा जुना लेझर प्रिंटर रुसतो. आज पुन्हा उघडून बसलो. दमट हवेत कागद मऊ पडतो नि आत चुरगळतो. औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेला गठ्ठा उघडा ठेवू नये, एवढं साधं. कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला असेल, तर ओलसर फडक्याने पुसल्यावर पुन्हा पकड धरतो. आतून येणारी करकर मात्र बहुधा झिजलेल्या दातेरी चाकांची. तिथे पुसापुशी चालत नाही, चाकच बदलावं लागतं. ‘नवा घ्या’ म्हणतात सगळे. का घ्यावा? छपाई अजून काळीभोर येते! कागदाचंच म्हणाल, तर दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हाताने कागद बनत आला. तो जाडाभरडा कागद या प्रिंटरमध्ये घालून पाहायचा मोह मी अजून तरी आवरला आहे.