छायेची तजवीज

गोमंतकात चैत्र सरून वैशाख लागला की पेडण्याच्या सड्यावरचे गवत वाळून पिवळे पडते, डिचोलीच्या खोऱ्यातील हवा दुपारी एका जागी थबकून राहते, आणि नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असल्यामुळे मुलांची निसर्गशिबिरे, पदभ्रमणे व रात्रीचे मुक्काम ठरतात. अशा शिबिरांचा बंदोबस्त पाहण्याचे काम माझ्याकडे पुष्कळ वर्षे आहे. तंबू निवडणे, त्याची जागा ठरवणे, तो उभारणे आणि त्यात राहणाऱ्यांच्या जिवाला उन्हाची बाधा होऊ न देणे, ही माझी विद्या. तिचे सार सांगायचे तर एवढेच सांगेन की, उष्ण प्रदेशातील तंबूचे पहिले प्रयोजन छाया हे असून दुसरे वारा हे आहे, आणि या दोहोंच्या आड येणारी प्रत्येक सोय, मग ती कितीही सुबक व महाग असो, अखेर गैरसोयच ठरते.

बाजारात आज मिळणारे बहुतेक तंबू ज्या कल्पनेतून जन्मले, ती कल्पना थंड मुलखातली आहे. बर्फाळ डोंगरावर मुक्काम करणाऱ्याला अंगातली ऊब राखायची असते, म्हणून त्याचा तंबू बुटका, लहान, चोहोंकडून बंद आणि जमिनीला चिकटलेला असतो. तोच तंबू हरमलच्या वाळूत सकाळी आठ वाजता उन्हात सापडला म्हणजे त्याचे पातळ कापड तापते, तापलेले कापड आतल्या माणसावर उष्णतेचे प्रारण करू लागते, श्वासातून व घामातून निघालेल्या वाफेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, आणि घटकाभरात आत पडून राहणे अशक्य होते. ज्या कामासाठी तो बनला, त्याच्या नेमके उलट काम आपण त्याच्याकडून मागत असतो.

येथील उन्हाळ्याचे स्वरूप ओळखल्यावाचून तंबूची निवड करू नये. गोव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यातील दुपारचे तापमान साधारणतः ३३-३४ अंश सेल्सिअस असते. नागपूरच्या ४४ अंशांपुढे हा आकडा सौम्य वाटतो खरा, परंतु शरीराला थंडावा देणारी क्रिया ही घामाच्या बाष्पीभवनाची आहे, आणि ते बाष्पीभवन हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. ४४ अंशांची हवा जर १५ टक्के आर्द्रतेची असेल, तर भिजलेल्या पडद्यातून जाताना ती सुमारे २३ अंशांपर्यंत निवू शकते. ३३ अंशांची हवा ७० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिची मर्यादा २८ अंशांच्या आसपासच संपते. म्हणूनच विदर्भातील दुपार सुसह्य करणारा वाळ्याचा भिजवलेला पडदा मांद्र्याच्या किनाऱ्यावर लावला, तर पाच अंशांचाही लाभ पुरता पदरी पडत नाही आणि तंबूतला दमटपणा मात्र वाढतो. येथे त्वचेभोवती साचलेला बाष्पाचा थर हलवून नेणारा वाराच काय तो उपयोगी. तेव्हा जो तंबू वारा अडवतो, तो आपल्या देहाची एकमेव उपाययोजनाच बंद पाडतो.

दुसरी गोष्ट सूर्याची. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके साधारणतः साडेपंधरा ते पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात, त्यामुळे मे महिन्याच्या आरंभीच मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी लुप्त होते, आणि त्यानंतर पावसाळ्यापर्यंत तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडेच असतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, झाडाच्या वा भिंतीच्या उत्तरेला सावली शोधण्याचा आपला हिवाळ्यातील परिपाठ वैशाखात निष्फळ होतो. दुपारी रक्षण करते ते केवळ डोक्यावरचे छत. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी तिरपे ऊन पूर्वेकडून व पश्चिमेकडून येते, म्हणून आडोसा हवा तो त्या दोन दिशांना हवा.

छत एकेरी असू नये, हा नियम आपल्या देशाला नवा नाही. अबुल फझलच्या ऐन-इ-अकबरीत फर्राशखान्याचे, म्हणजे तंबू-बिछायतीच्या खात्याचे, तपशीलवार वर्णन आहे, त्यात शामियाने, रावट्या आणि सरापर्दे यांचे नाना प्रकार सांगितले आहेत. आणि पुढे इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे अंमलदार जमाबंदीच्या फिरतीवर निघत, तेव्हा त्यांच्या तंबूंना दुहेरी छत असे. वरचे कापड ऊन झेलते व तापते, दोन कापडांमधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहत राहतो आणि ती उष्णता वाटेतच घेऊन जातो, म्हणून खालचे कापड सावलीत राहते. तरीसुद्धा ते अंमलदार बहुधा थंडीच्या दिवसांतच फिरतीवर निघत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतका सरंजाम पदरी असूनही वैशाखातील मुक्काम ते टाळत.

आमच्या प्रदेशाने मात्र वैशाखासाठी आपली स्वतःची रचना केलेली आहे, आणि ती म्हणजे चुडतांचा माटव, अर्थात विणलेल्या झावळ्यांचा मांडव. डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्रीलईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन उन्हाच्या कहरात भरते, आणि अग्निदिव्य करणारे व्रतस्थ धोंड त्यापूर्वीचे काही दिवस घराबाहेर, तळ्या-विहिरींच्या सान्निध्यात, स्वतः रांधून खात राहतात. त्यांच्यावर जी छाया असते, तिचे मी शिष्यभावाने निरीक्षण केले आहे. माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे थर एकावर एक पडलेले असल्यामुळे त्यांच्या आत हवा कोंडलेली असते व ऊन खालपर्यंत उतरत नाही. विणीतील असंख्य रंध्रांतून, स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर निघून जावा तशी, तापलेली हवा वर निघून जाते. छत उंच असते आणि बाजू मोकळ्या असतात. उत्तम उन्हाळी तंबूचे सारे गुण या माटवात एकत्र आहेत. कापडाचा तंबू घेताना मी मनाशी याच माटवाचे माप लावतो.

ते माप लावले म्हणजे निवड सोपी होते. तंबूच्या आतल्या खोलीचा वरचा अर्धा भाग तरी जाळीचा असावा. परस्परांसमोर दोन दारे असावीत, कारण एका दाराने वारा आत येतो खरा, पण बाहेर जाण्यास दुसरे दार नसेल तर तो वाहत नाही. माथ्यापाशी झरोका असावा. उष्ण हवा वर चढते आणि तिला वरच वाट मिळाली पाहिजे. बाहेरचे आच्छादन आतल्या जाळीपासून निदान वीतभर तरी दूर ताणले जावे, आणि त्याची खालची कड जमिनीला न टेकता वर उचललेली राहावी. चंदेरी लेप असलेले कापड ऊन परतवते, पण त्याखाली वारा खेळण्यास जागा नसेल तर त्याचा फारसा लाभ होत नाही. सुती कॅनव्हास दमटपणा जिरवतो आणि दीर्घकाळ टिकतो, तथापि तो इतका जड असतो की गाडीच्या मुक्कामालाच शोभतो. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्याने पॉलिएस्टर घ्यावे, कारण नायलॉन उन्हाच्या अतिनील किरणांनी लवकर क्षीण होते. आणि दोन माणसांसाठी तीन-चार माणसांचा तंबू घ्यावा. थंड मुलखात मोकळी जागा ऊब घालवते, येथे तीच श्वास देते. माझ्या मुक्कामांत मी बहुधा निव्वळ जाळीची खोली उभारतो व तिच्यावर, दोरांनी ताणलेले, तिच्याहून बरेच मोठे असे स्वतंत्र छत घालतो. वळवाचा पाऊस मेमध्ये केव्हाही येतो, म्हणून त्या छताची वाऱ्याकडची बाजू खाली ओढून बांधण्याचे दोर मी तयार ठेवतो.

तंबू चांगला असूनही जागा वाईट असेल तर सारे श्रम व्यर्थ जातात. पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी, केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. समुद्राने त्यांतली बरीच उन्मळून टाकली आहेत, तरी उरलेल्या बनाची विरळ छाया वारा अडवत नाही, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. दिवसा तेथे समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात; सबब तंबूची दोन दारे पूर्व-पश्चिम ठेवली, तर दोन्ही प्रहरांचा वारा आरपार जातो, आणि तिरप्या उन्हासाठी स्वतंत्र छताच्या त्या दोन कडा थोड्या लांब सोडल्या म्हणजे भागते. वाळू लवकर तापते, पण लवकर निवतेही. तिच्यात मेख टिकत नाही, म्हणून पोत्यात वाळू भरून ते पोते पुरावे व दोर त्यास बांधावा.

सड्याची रीत निराळी. जांभा दिवसभराची उष्णता पोटात साठवतो आणि ती मध्यरात्रीपर्यंत हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे तेथे वारा मुबलक असूनही जमिनीवर झोपणाऱ्याच्या पाठीला धग लागते. त्या ठिकाणी खाट किंवा झोळी यांवाचून मी मुलांना झोपू देत नाही. मेख तर तेथे शिरतच नाही, दोर दगडांना बांधावे लागतात. याउलट डिचोलीकडे मये, नार्वे या गावांतील कुळागरांत पोफळींची दाट, शीतल छाया असते, पण पाटाच्या पाण्याने ओलावलेली तेथली हवा निश्चल असल्यामुळे दुपारी विश्रांतीस ती जागा उत्तम आणि रात्री निद्रेस मध्यम. मयेच्या तळ्याभोवती डोंगर असल्याने समुद्राचा वारा तेथे क्षीण होऊन पोहोचतो. मुक्काम करणेच झाले तर तळाशी न करता उतारावर करावा. आणि माडाखाली, मग छाया कितीही लोभस असो, तंबू कधीही लावू नये. नारळ व झावळ केव्हा पडेल याचा भरवसा नसतो.

तंबूइतकेच महत्त्व दिनक्रमाला आहे. तंबू उतरत्या उन्हात उभारावा, सकाळी आठच्या आत बिछाने बाहेर काढावेत, आणि दहा ते चार या वेळात कोणीही तंबूत राहू नये. ती वेळ झाडाच्या वा माटवाच्या छायेत घालवावी. शरीराला उन्हाची सवय होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी लांबची चाल ठेवू नये. घामाबरोबर मीठही जाते, तेव्हा नुसते पाणी पिऊन भागत नाही. आमचा शेतकरी सकाळी दहा-अकराच्या सुमारास मीठ घातलेली पेज व सोबत खारातला आंबा घेतो, त्यात पाणी, लवण आणि पिष्ट यांचा जो मेळ आहे, त्याहून योग्य शिबिराहार मला ठाऊक नाही. कोकमाचे सरबतही याच दिवसांतले. इतके करूनही एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, त्याचे अंग भाजू लागले, तर तो उष्माघात समजावा, त्याला छायेत नेऊन अंग ओले करून वारा घालावा, आणि क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हाळी मुक्कामाबरोबर आगीचे भय असतेच. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रात, चुली, विस्तव आणि रात्रीचे दिवे यांनी गवताला आग लागून घोडी दगावतील, असा सूक्ष्म इशारा आहे. सड्यावरच्या वाळल्या गवतात तंबू ठोकणाऱ्याला तो आजही जसाच्या तसा लागू पडतो. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्यास तर गोव्यात कायद्यानेच मनाई आहे. मोरजी आणि मांद्रे येथे सागरी कासवे अंडी घालतात व त्यांची पिल्ले उजेडाने वाट चुकतात, म्हणून तेथील राखीव वाळूवर तंबू नको आणि दिवाही नको. जमीन कोणाचीही असो, मालकाची व पंचायतीची परवानगी आधी घ्यावी.

वैशाखात मुलांना रानात नेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, तंबूवर खर्च करण्याआधी एक मोठे, मजबूत छत व पुरेसे दोर घ्या, जागा आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता स्वतः जाऊन, तेथे तासभर बसून पाहा, आणि त्या तासात तुम्हाला जे सोसवले नाही, ते मुलांवर लादू नका.