गिरणगाव कुठून सुरू होतं?

मुंबई महापालिकेच्या विभागांच्या यादीत गिरणगाव, म्हणजे गिरणी कामगारांची ही वस्ती, नाही. या नावाचं रेल्वे स्टेशन नाही. पालिकेच्या लेखी लालबाग, परळ, काळाचौकी म्हणजे एफ-दक्षिण. वरळी, प्रभादेवी, लोअर परळ म्हणजे जी-दक्षिण. आणि भायखळ्याकडे उतरलं की ई. करी रोडला रुळांच्या एका अंगाला एक अक्षर, दुसऱ्या अंगाला दुसरं. पण लालबागहून भाजीची पिशवी घेऊन डिलाईल रोडला घरी जाणाऱ्या बाईला आपण हद्द ओलांडली असं कधी वाटलेलं नाही. ‘राहायला कुठे?’ या प्रश्नाला ‘जी-दक्षिण’ असं उत्तर मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग या वस्तीची हद्द कोणी आखली? आधी गिरणीच्या भोंग्याने. तो वाजला की चाळीतल्या चुली पेटायच्या, पाळी सुटायची, खानावळीत ताटं मांडली जायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. भोंगा गेला. ज्यावरून नाव पडलं ते कामही गेलं. तरी नाव टिकलं, याचं मला फार मोल वाटतं.

ते टिकलं याचं एक कारण गणपतीची वर्गणी. कुठल्या चाळीची वर्गणी कुठल्या मंडळाने घ्यायची, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासूनचा, लालबागचा राजा 1934 पासूनचा. पालिकेच्या निवडणुकीचे 227 प्रभाग दर काही वर्षांनी नव्याने कापले जातात. पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या पोरांना मात्र आपली गल्ली कुठे संपते हे विचारावं लागत नाही. दुसरं कारण कोकणातल्या गावांच्या खोल्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपत. गावी गेल्यावर ते ‘मुंबईला’ कमी आणि ‘परळला’, ‘लालबागला’ असतो असं जास्त सांगत.

सरकारने नावं दिली, चांगल्या मनाने दिली. ना. म. जोशी कामगारांसाठी आयुष्यभर झटले. त्यांचं नाव डिलाईल रोडला दिलं, ते त्या रस्त्याला शोभतं. तरी माणसं डिलाईल रोडच म्हणतात. आर्थर रोडला साने गुरुजींचं नाव लागलं, तुरुंग अजून आर्थर रोडचाच. यात अनादर नाही. या नावांनीच इथली लग्नं जमली, पत्रं आली, मोर्चे निघाले. उलट एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं आणि ते पटकन रुळलं, कारण देवीचं नाव वस्तीच्या तोंडी आधीपासूनच होतं. करी रोडला लालबाग आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी म्हणावं, असा ठराव विधिमंडळाने जुलै 2024 मध्ये केला. त्याच न्यायाने तो मला योग्य वाटतो: लोक जिथे राहतात त्या जागेचं नाव स्टेशनला मिळेल.

राग येतो तो एकाच नावाचा. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि विक्रीच्या जाहिरातींत लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ झालं. डिलाईल रोड हे नाव परक्याचं असलं तरी कामगारांनी ते आपलं केलं. अप्पर वरळी मात्र कामगार इथे होता हेच पुसायला निघालं आहे. परळ म्हटलं की चाळ आठवते, आणि चाळ आठवली की घराचा भाव पडेल अशी भीती.

त्या टॉवरांत राहायला आलेल्यांना माझं मनापासून सांगणं आहे. तुम्ही इथले झालात, आनंद आहे. समोरच्या चाळीतल्या एखाद्या आजींना विचारा, या जागेला काय म्हणतात. त्या सांगतील ते नाव घराच्या पत्त्यात लिहा, आणि मुलांनाही तेच शिकवा.