मार्क वन

डिसेंबर १९७१. मुंबईत ब्लॅकआउट, आणि अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत काचांना काळे कागद चिकटवून चिरंजीवांचं बारसं चाललेलं. आत्याबाईंनी नाव विचारलं, नि आमचे तात्या गरजले, "मारुत!"

"मारुती ना? मग वेलांटी कुठं हरवली?" आईनं विचारलं.

चुकलंच तिचं. तात्या दुसऱ्या महायुद्धात विमानांचे फिटर. १९४४ साली इंफाळला अर्जन सिंगांच्या एक नंबर स्क्वॉड्रनची हरिकेन विमानं त्यांनी हाताळलेली. मेणबत्तीच्या उजेडात व्याख्यान सुरू झालं.

"हरिकेन कागदावर होतं तेव्हा त्याला फ्यूरी मोनोप्लेन म्हणत. फ्यूरी म्हणजे संताप. नोव्हेंबर १९३५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, पुढल्या वर्षी हरिकेन नाव मिळालं. पहिल्या मार्क वनला पंख कापडी आणि पंखा लाकडी, दोन पात्यांचा. पुढे पत्र्याचे पंख आले, तीन पाती आली. मार्क टू-बीला बारा मशीनगन. त्यात पंखांखाली अडीचशे पौंडांचे दोन बॉम्ब लटकवले, की झालं हरिबॉम्बर!"

'हरि' ऐकून आत्याबाईंनी हात जोडले.

"१९५३ साली आपण फ्रेंचांचं उरागाँ घेतलं. त्याचाही अर्थ वादळच. आपण त्याला तूफानी म्हटलं. आणि आज मारुत राजस्थानात लढतंय. आराखडा जर्मन कुर्ट टांकचा, पण बांधलं आपल्या बंगलोरला! वारा तोच हो, पण आता तो आपल्या घरचा आहे."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. पण घरात बहुमत बायकांचं. नाव ठेवलं समीर.

"वादळाची झुळूक केलीत," तात्या पुटपुटले आणि पेढा न खाता गॅलरीत जाऊन बसले.

मला चुटपुट लागली. मी मॅट्रिकला गणितात आपटलो तेव्हा सारी आळी हसली होती. तात्या तेवढे म्हणाले होते, "मार्क वन आहे तो. मार्क वनला हसू नये. १९४० साली इंग्लंड वाचवताना तोच कामी आला." आणि अशा माणसाची बाजू घ्यायला आज माझं तोंड उघडलं नव्हतं.

रात्री जाग आली. अंधारात पाळण्याची दोरी कुरकुरत होती.

"झोप, मार्क टू," तात्या हळूच सांगत होते, "तुझे पंख पत्र्याचे आहेत."

मी आपले कापडी पंख गुंडाळून कूस बदलली.