सिंहगडावरून दिसणारें व न दिसणारें

उन्हाळ्याच्या सुटींत मुलाबाळांसह एखाद्या गडावर किंवा थंड हवेच्या ठिकाणीं जाणाऱ्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते : "एवढें चढून आलों, पण दिसत कांहींच नाहीं!" महाबळेश्वरच्या एखाद्या टोंकावर कोंकण पाहावें म्हणून जावें, तों समोर दुधाळ पोकळीवांचून दुसरें कांहीं नसावें. आकाशांत ढग नाहीं, ऊन कडक, पावसास अद्याप महिनाभर अवकाश. मग डोंगर गेले कोठें? पुष्कळ लोक यास धुकें म्हणतात. तें धुकें नव्हे. धुकें म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. वैशाखांतील हा पडदा धूळ, धूर व क्षार यांच्या कोरड्या कणांचा असतो. त्यास धुरकें म्हणणें बरें.

गेल्या वैशाखांत आम्हीं चार दिवस सिंहगडावर काढले, ते खरें पाहतां संध्याकाळचा वारा व पिठलें-भाकरी यांच्या लोभानें. परंतु बरोबर आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव होते, आणि त्यांच्यामुळें त्या चार दिवसांत धुरक्यावांचून दुसरा विषय निघाला नाहीं. हा मुलगा एका उड्डाणशाळेंत विमान चालविण्याचें शिक्षण घेत आहे. एकट्यानें दूरच्या विमानतळावर जाऊन परत येण्याची त्याची पाळी आली होती. आणि आठवडाभर ती सफर रोज रात्रीं ठरे व रोज सकाळीं रद्द होई. शेवटीं शिक्षकांनीं त्यास चार दिवस घरीं जाऊन येण्यास सांगितलें. बिचाऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता. आमच्या मातोश्री मात्र त्या धुरक्यावर मनांतून प्रसन्न होत्या.

सिंहगड हा दृश्यता मोजण्यास जणूं मुद्दाम बांधल्यासारखा आहे. समुद्रसपाटीपासून तो सुमारें तेराशें मीटर उंच, म्हणजे पुणें शहराच्या वर साडेसातशें मीटर. माथ्यावरून सरळ रेषेनें खडकवासल्याचें धरण आठ किलोमीटर, राजगड पंधरा, तोरणा व पर्वती प्रत्येकीं सतरा, परंतु एक नैर्ऋत्येस तर दुसरी ईशान्येस, पुरंदर पंचवीस, आणि लोहगांवचा विमानतळ तीस. हवामानखात्याचा निरीक्षक दृश्यता ठरवितो ती नेमक्या याच रीतीनें. ठाऊक असलेल्या अंतरावरील टेकडी, मनोरा, धुरांडें यांची यादी त्याच्याजवळ असते. त्यांपैकीं सर्वांत दूरची कोणती ओळखूं येते तें पाहून तो आंकडा लिहितो. शिमल्याचें खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं पुण्यास आलें, व त्या इमारतीस पुणेंकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. विमानतळांवर आतां धावपट्टीच्या कडेस यंत्रेंही बसविलेलीं असतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें बनविलेल्या अशा एका यंत्राचें नांवच 'दृष्टि' आहे. तरी माणसाच्या डोळ्याचें काम संपलेलें नाहीं.

आमच्या घरच्या मुलांनीं लगेच वही घातली. पहिल्या सकाळीं सात वाजतां नोंद झाली : "डोणज्याकडचीं शेतें दिसतात. खडकवासला नाहीं." दुपारीं दोन वाजतां : "राजगड पुसट. तोरणा नाहीं." दुसऱ्या दिवशींही थोडाफार हाच प्रकार. सकाळीं हवा गार व स्वच्छ असावी अशी आपली समजूत. प्रत्यक्षांत सकाळीं दृश्यता कमी व दुपारीं अधिक! याचें कारण असें कीं, रात्रीं जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन तेथेंच बसते, आणि वर ऊन हवेचें झांकण राहतें. मावळांत पावसापूर्वीं राब भाजतात त्याचा धूर, शहरांतील मोटारींचा धूर, रस्त्यांची धूळ, सगळें त्या झांकणाखालीं कोंडतें. शिवाय पहाटे हवेंत ओल अधिक असते. पुष्कळ कण ओल शोषून फुगतात व अधिक प्रकाश अडवितात. सूर्य वर आला कीं जमीन तापते, हवा वर चढूं लागते, झांकण फुटतें, आणि तोच धुरळा दोन-तीन किलोमीटर उंचीच्या थरांत पसरून विरळ होतो. विरळ होतो, नाहींसा होत नाहीं. हिवाळ्यांतील सकाळीं सिंहगडावरून पुण्यावर अंथरलेली धुराची चादर वरून दिसते; वैशाखांतल्या दुपारीं आपण स्वतःच त्या चादरींत गुरफटलेले असतों.

दूरचा डोंगर दिसेनासा होतो तो झांकला जातो म्हणून नव्हे. त्याच्या व आपल्या मधली हवाच उजळते म्हणून. मधला प्रत्येक कण सूर्यप्रकाश इकडेतिकडे फेंकतो, आणि तो उजेड डोंगराच्या काळेपणावर चढत जातो. डोंगर प्रथम निळा, मग राखी, मग क्षितिजाच्याच रंगाचा होतो. कोश्मीडर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं याचें गणित मांडलें. क्षितिजाच्या मानानें वस्तूचा उठाव शेंकडा दोनपर्यंत उतरला म्हणजे डोळा ती सोडून देतो, असें त्यांत धरलें आहे. हवेंत एकही कण नसता तर हीच मर्यादा तीनशें किलोमीटरांच्या आसपास गेली असती. दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं ते वैशाखांत पाहिलेले नसावेत!

असो. आतां विमानाकडे वळूं. लोहगांवास उतरणारें मोठें प्रवासी विमान अशा धुरक्याची फारशी पर्वा करीत नाहीं. धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओच्या किरणाचा माग धरून तें खालीं येतें, व साध्या प्रतीच्या त्या योजनेसही शेवटीं धावपट्टीवर साडेपांचशें मीटरांची दृश्यता पुरते. परंतु डोळ्यांनीं वाट पाहून जाणाऱ्या लहान विमानास दहा हजार फुटांखालीं निदान पांच किलोमीटर दृश्यता पाहिजे असा नियम आहे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल घेऊन आले तेव्हां त्यांच्या विमानांत रेडिओदेखील नव्हता. नकाशा, होकायंत्र आणि डोळे एवढ्यावर सारा भरंवसा. आमच्या चिरंजिवांचें शिक्षण तूर्त त्याच इयत्तेंत आहे.

"पण काका, दुपारीं तर राजगड दिसतो, म्हणजे पंधरा किलोमीटर झाले. मग दुपारीं कां नको?" असें त्यानें दुसऱ्या दिवशीं मलूल आवाजांत विचारलें, आणि त्याचें उत्तरही त्याचें त्यानेंच दिलें, कारण तें शिक्षकांनीं त्याच्याकडून घोटून घेतलें होतें. दुपारीं तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा लहान विमानास गलबतासारखें हेलकावते. उष्ण हवा विरळ असल्यानें इंजिनाचा व पंखांचा जोरही घटतो. याहून मोठी गोष्ट दिशेची. त्यास सकाळीं पूर्वेस जावयाचें व दिवस कलल्यावर पश्चिमेस परतावयाचें. म्हणजे दोन्ही वेळां सूर्य डोळ्यांसमोर. धुरक्याचे कण प्रकाश मागें कमी व पुढें फार फेंकतात. सूर्याकडे पाठ असतां जेथें पंधरा किलोमीटर दिसतात, तेथें सूर्याकडे तोंड करतांच समोर पितळेची भिंत उभी राहते. निरीक्षकाचा आंकडा खोटा नसतो. परंतु तो जमिनीवरच्या आडव्या नजरेचा असतो. वैमानिक तिरकस पाहतो. नाकाखालचें गांव त्यास स्वच्छ दिसतें, मात्र पुढचें गांव दिसत नाहीं.

आम्हीं मग त्यास मुलांसमोर न विचारावें असें एक विचारलें : यांत माणसें मरतात काय? तो म्हणाला, मरतात. १६ जुलै १९९९ च्या रात्रीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव स्वतः विमान चालवीत न्यू जर्सीहून मार्थाज् व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. बरोबर पत्नी व मेहुणी. वादळ नव्हतें. उन्हाळी धुरकें, अंधारी रात्र आणि खालीं समुद्र, एवढेंच. क्षितिजाची रेघ नाहींशी झाली म्हणजे विमान कलतें आहे कीं सरळ आहे हें शरीरास कळत नाहीं. कान एक सांगतो, यंत्र दुसरें सांगतें, आणि नवखा माणूस कानावर विश्वास ठेवतो. तिघेही समुद्रांत गेले. चौकशी मंडळानें दिशाभ्रम हें कारण दिलें, व धुरकें आणि काळोख यांस त्याचे साह्यकारी ठरविलें. हें सांगतांना मुलाचा आवाज अगदीं साधा होता. त्यामुळेंच आम्हांस थोडें बरें वाटलें.

तिसऱ्या दिवशीं चार वाजतां पूर्वेस ढग जमले, धुळीची एक लाट उठली व पाठोपाठ वळीव कोसळला. पाऊण तास झाला असेल. पाऊस पडतांना कित्येक कण थेंबांबरोबर खालीं येतात, आणि पाठीमागून येणारी गार हवा उरलेले ढकलून देते. चौथ्या सकाळीं मुलांच्या वहींत लिहिलें गेलें : "राजगड, तोरणा, पर्वती, पुरंदर." कल्याण दरवाजाच्या अंगास उभें राहिलें तर तोरण्याच्या कड्यांवरील घळी मोजतां येत होत्या, व घरांतील सर्वांत धाकटें पोर म्हणूं लागलें कीं जेवणापूर्वीं तेथें जाऊन येऊं. धुतलेल्या हवेंत वस्तु जवळ भासतात. धुरक्यांत लांब भासतात. ही दुसरी फसवणूक वैमानिकास अधिक घातक, कारण धावपट्टी अजून दूर आहे, आपण अजून उंच आहों असें वाटून तो नको तेवढा खालीं येतो.

चिरंजिवांनीं गडावरूनच शाळेस दूरध्वनि केला. शिक्षक म्हणाले, "येथें मैदानांत अजून पुसट आहे, उद्यां सकाळीं पाहूं, पण तूं ये." मातोश्री भाकरी बांधून देत होत्या. त्यांनीं विचारलें, "आज काय दिसतें रे?"

"पुरंदर दिसतो, आजी."

"आणि तुझें तें विमानतळ?"

"तेंही. एक विमान उतरतांना दिसलें."

त्यांनीं पुरचुंडीस गांठ मारली, त्याच्या हातीं दिली, व तो पुणें दरवाजाच्या पायऱ्या उतरूं लागला.