वीसपैकी वीस

गुणपत्रिका हा आपल्या घरांतील मानाचा कागद आहे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, जमिनीचा सातबारा आणि मुलांच्या गुणपत्रिका हे सारे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेले असते. ह्या कागदांवर आपण विश्वास ठेवतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला तो वारंवार पडला, कारण त्यांपैकी एका कागदावरचे काही आकडे माझ्या हातून लिहिले जात होते.

मी मूळचा वसईचा. नोकरीच्या निमित्ताने जुन्नर तालुक्यात आलो आणि आळे परिसरातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत राहिलो. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा एस.टी.ने प्रवास करणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल. फाट्यावर कांद्याचा मोठा लिलाव चालतो, नारायणगावला टोमॅटोचा बाजार भरतो आणि उसाच्या फडात बिबट्याची मादी पिले घालते. आमचे विद्यार्थी ह्या तिन्ही गोष्टींत पारंगत. निबंध म्हटला की मात्र त्यांच्या अंगावर काटा येई.

दहावीच्या भाषा विषयांना वीस गुणांची तोंडी परीक्षा असते, हे पालक वाचकांना माहीत आहेच. ऐंशी गुण मंडळाच्या लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले. ही कल्पना मला मनापासून आवडली होती आणि आजही आवडते. तीन तासांच्या लेखी परीक्षेत जे कधीच दिसत नाही ते ह्या वीस गुणांत दिसू शकते. मेंढपाळाच्या घरातली एक मुलगी मला आठवते. तिचे शुद्धलेखन पाहून कोणीही हताश झाले असते. पण वाड्यावर बिबट्या आला त्या रात्री काय झाले हे तिने सांगितले, तेव्हा वर्गातली बाके स्तब्ध झाली. काय आधी सांगायचे, काय राखून ठेवायचे, कुठे थांबायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते. मी तिला एकोणीस गुण दिले. ते तिने कमावलेले होते.

अडचण अशी की त्याच वर्षी दुसऱ्या एका शाळेत, जिथे तोंडी परीक्षा झाली की नाही हेच कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते, साऱ्या वर्गाला अठरा, एकोणीस आणि वीस गुण पडले होते. माझ्या मुलीचे एकोणीस आणि ते एकोणीस गुणपत्रिकेत सारखेच दिसतात. कागद काही बोलत नाही.

अशा वेळी शिक्षकाने काय करावे? मी ज्याला तेरा दिले त्याचे वडील माझ्या दारी आले. माणूस सज्जन होता. म्हणाले, “सर, पोरानं अभ्यास केला नाही हे मला कबूल हाय. पण शेजारच्या गावात सगळ्यांना अठरा दिले. मग माझ्याच पोराचं काय वाकडं?” ह्या प्रश्नाला प्रामाणिक शिक्षकाजवळ उत्तर नसते, आणि खरा पेच हाच आहे. कडक शाळेची शिक्षा मुलांना होते, सैल शाळेचे बक्षीसही मुलांनाच मिळते. शाळांचे तसे काहीच बिघडत नाही, उलट ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक कमानीवर झळकतो. हळूहळू सगळ्याच शाळा सैल होतात. त्यात कोणी दुष्ट असतो असे नाही. प्रत्येकाला आपल्या मुलांची कणव असते, एवढेच.

हिशेब साधा आहे. शंभरांत पस्तीस ही उत्तीर्णतेची रेघ. भाषेत शाळेचे अठरा हाती असले की लेखी ऐंशीपैकी सतरा पुरतात. राज्य शासनाने हे ओळखून २०१८-१९ ह्या वर्षापासून दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांचे शाळेच्या हातातले गुण काढून टाकले. मार्च २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के लागला होता, तो २०१९ साली ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सारी घसरण ह्या एकाच कारणाने झाली असे म्हणणे रास्त होणार नाही. पण ओरड झाली ती गुणांचीच. दिल्लीच्या मंडळांच्या मुलांना त्यांच्या शाळा गुण देतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्या मुलांनी मागे का राहायचे, हा पालकांचा सवाल होता, आणि तो चुकीचा नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी भूगोलाची परीक्षा टाळेबंदीमुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

काढले तरी अन्याय आणि ठेवले तरी अविश्वास. मधली वाट आहे का? आम्ही दोघांनी ती आमच्यापुरती शोधून पाहिली. दहा-बारा किलोमीटरवरच्या एका शाळेत माझे एक स्नेही मराठी शिकवीत. आम्ही दोघे तोंडी परीक्षा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू लागलो. मग प्रत्येकाने आपल्या वर्गातले पाच विद्यार्थी निवडायचे: एक उत्तम, एक कच्चा आणि तीन मधले. त्यांचे बोलणे दुसऱ्याला ऐकवायचे, पण दिलेले गुण सांगायचे नाहीत. दुसऱ्याने स्वतंत्रपणे गुण द्यायचे. त्यानंतर वह्या उघडायच्या. अंतिम गुण ज्याचे त्याच्याच जबाबदारीचे राहत, त्यात आम्ही ढवळाढवळ करीत नसू.

पहिल्या वर्षी आमच्यांत एका मुलावरून चार गुणांचा फरक पडला. मुलगा ठाकर समाजातला, पश्चिमेकडच्या डोंगरातून शिकायला आलेला. त्याने भातलावणीबद्दल सांगितले होते. स्नेह्यांनी ‘उच्चार अशुद्ध’ म्हणून बारा दिले होते, मी सोळा. तासभर वाद झाला. ‘स्पष्ट उच्चार’ ह्या निकषाचा अर्थ पुस्तकी उच्चार असा आहे की ऐकणाऱ्याला कळेल असा उच्चार? शेवटी आम्ही वहीत लिहून ठेवले की बोलीचे गुण कापायचे नाहीत, विस्कळीतपणाचे कापायचे. पुढच्या वर्षी फरक दोन गुणांच्या आत आला. त्या एका तासात परीक्षेविषयी मी जेवढे शिकलो तेवढे कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकलो नव्हतो, हे आमच्या साहेबांची क्षमा मागून सांगतो.

लेखी परीक्षेच्या बाबतीत मंडळ हेच करते. परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांतील काही नियामक पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. निकालानंतर विद्यार्थ्याला गुणपडताळणी करता येते, छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करून घेता येते. बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला दुसऱ्या महाविद्यालयातून बहिःस्थ परीक्षक येतो. दहावीच्या तोंडी परीक्षेला मात्र ऐकणारा एकच, लिहिणारा तोच, आणि नंतर तपासायला मागे काही उरत नाही. शब्द हवेत विरून जातात.

आळे गावाला हा विषय नवा नाही, असे मी कधी कधी विनोदाने म्हणत असे. संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी आख्यायिका आहे, त्या रेड्याची समाधी आळ्यालाच आहे. पैठणहून परतताना तो इथे निवर्तला असे परंपरा सांगते. ह्या कथेचा आरंभ काय, तर एक प्रमाणपत्र. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने सांगितले की पैठणहून शुद्धिपत्र आणा. आळंदीची मंडळी त्यांना रोज पाहत होती, ओळखत होती. तरी कागद हवा तो परगावचा! जवळच्याने पारखावे आणि लांबच्याने शिक्का मारावा, ही आपल्या समाजाची जुनी रीत दिसते. पैठणच्या परीक्षेत काय तपासले गेले आणि मुलांच्या अंगी खरोखर काय होते, ह्यांतले अंतर समाधीसमोर उभे राहिले की जाणवते. माझे वारकरी सहकारी ह्यावर हसत आणि म्हणत, “सर, तुमची तोंडी परीक्षा बरी, तिथं निदान माणसं बोलतात.”

मग २०२१ साल आले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि वीस गुणांऐवजी शंभरच्या शंभर शाळेच्या हाती आले. सूत्र असे ठरले: नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे वीस. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती बसली. कागदावर सूत्र नीटनेटके होते. पण ह्या मुलांच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा २०२०च्या टाळेबंदीत रद्द झाली होती. म्हणजे पन्नास गुणांचा सारा डोलारा एका सहामाही परीक्षेवर उभा. ती परीक्षा देताना कोणत्या मुलाला ठाऊक होते की आपण दहावीची परीक्षा देत आहोत? १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला: ९९.९५ टक्के. अकरावी प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा घेण्याचे शासनाने ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निर्णय रद्द केला.

त्या वर्षी उत्तीर्ण झालेला माझा एक विद्यार्थी पुढे एका ठिकाणी कामासाठी मुलाखतीला गेला. त्याची गुणपत्रिका पाहून समोरचे गृहस्थ म्हणाले, “अच्छा, करोनाची दहावी!” आणि कागद बाजूला ठेवला. मुलगा हुशार होता. परीक्षा झाली असती तरी त्याला तेवढेच, कदाचित चार गुण अधिकच मिळाले असते. ते आता कोणाला सिद्ध करता येणार नाही. सरसकट औदार्याची किंमत कोण चुकवतो, ह्याचे उत्तर मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

शाळांवर विश्वास नाही म्हणून यंत्रावर विश्वास टाकावा, तर त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली परीक्षा रद्द झाल्यावर शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी संगणकाच्या सूत्राने ‘दुरुस्त’ करण्यात आल्या. १३ ऑगस्टला बारावीच्या तोडीच्या परीक्षेचा निकाल लागला. सुमारे चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. सूत्र शाळेचा पूर्वीचा निकाल पाहत असे. म्हणजे ज्या शाळेतून आजवर कोणी चमकले नाही तिथल्या हुशार मुलाने चमकायचेच नाही. आळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चार दिवसांत सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले.

मला अधिक जवळचे वाटते ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे उदाहरण. तिथे १९७०च्या दशकाच्या आरंभी बाहेरची परीक्षा बंद करून सारे मूल्यमापन शाळांकडे दिले गेले. शाळा निवडक मुलांच्या कामाचे नमुने पाठवीत आणि दुसऱ्या शाळांतील शिक्षकांची मंडळे ते पाहून गुणांची बरोबरी तपासत. जवळजवळ पाच दशके हे चालले. २०१९ पासूनच्या नव्या रचनेत बाहेरची परीक्षा काही प्रमाणात परत आली, पण शाळेचा वाटा कायम राहिला. आम्ही दोघांनी मोबाइलवर जे केले ते तिथे राज्यभर होत होते, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले.

आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो, कारण नोंद त्या त्या वेळी होते, तीत साक्षीदारांची नावे असतात आणि बिशप भेटीला आले की वह्या पाहणे हा त्यांच्या कर्तव्याचा भाग असतो. वही पाहिली म्हणून फादरांचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. शिक्षकांच्या संघटनांना मात्र बाहेरचा शिक्षक येऊन पाहणार म्हटले की अविश्वासाचा वास येतो. हे मला कधीच पटले नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, एक साधी गोष्ट सुचवली होती: शाळेचे मूल्यमापन जरूर करा, पण ते बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत मिसळू नका, वेगळे दाखवा. शाळेशाळेचे माप सारखे नसते, हे त्यांनी ओळखले होते. आज वारे उलट दिशेने वाहत आहेत. ‘परख’ ह्या राष्ट्रीय संस्थेने नववी, दहावी व अकरावीच्या कामगिरीला बारावीच्या अंतिम निकालात वाटा द्यावा असे सुचवले आहे. मूल चार वर्षे पाहिले जावे ह्याला माझा विरोध नाही. पण वीस गुणांचे माप आम्हांला अजून सारखे करता आलेले नाही. बारावीच्या निकालाचा मोठा वाटा शाळेच्या हाती द्यायचा, तर वह्या कोण पाहणार हे आधी ठरले पाहिजे.

मी निवृत्त झालो, स्नेहीही झाले. आमच्या जागी दोन्ही शाळांत शिक्षिका आल्या आणि त्यांनी आमचा परिपाठ आपण होऊन पुढे चालवला. गेल्या फेब्रुवारीत आळेफाट्याच्या एका हॉटेलात बसून त्यांनी मला फोन केला. एका मुलाला एकीने चौदा दिले होते, दुसरीने सतरा, आणि काही केल्या एकमत होत नव्हते. “सर, तुम्ही ऐका आणि सांगा.” त्यांनी ध्वनिमुद्रण पाठवले. मुलगा कांद्याच्या लिलावाबद्दल बोलत होता. आडत्याची नक्कल फर्मास होती, शेवट मात्र गुंडाळलेला. मी दोनदा ऐकले, मनाशी एक आकडा धरला आणि तो न सांगता त्यांना म्हणालो, आधी दोघींनी आपापली कारणे कागदावर लिहा आणि मग मला वाचून दाखवा.